बाल्टिमोरच्या नणंद-भावजया आणि त्यांचे दोन दीर



इथल्या पुस्तकांच्या दुकानात किंवा गावातल्या लायब्ररीत 'रीजन्सी रोमान्स'चं एक कपाट हमखास असतं. कव्हरवर झिरझिरीत पांढऱ्या झग्यातली नायिका, मागे मेणबत्त्यांची झुंबरं आणि कपाळाला आठ्या घातलेला एखादा सरदार. गोष्टही बहुतेक ठरलेली. पहिल्याच नाचात तो तिला लागेल असं काहीतरी बोलतो, ती त्याच्या वरताण उत्तर देते, मग तीनशे पानं दोघं एकमेकांचे वाभाडे काढतात आणि शेवटी चर्चमध्ये जाऊन उभे राहतात. जॉर्जेट हेयर या बाईंनी १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून हा साचा पक्का केला; त्याच्या सव्वाशे वर्षं आधी जेन ऑस्टिननं याच मालमसाल्याचं सोनं करून ठेवलं होतं. भांडणाऱ्या जोडप्यांचं आपल्यालाही वावडं नाही म्हणा. आपला 'संशयकल्लोळ' तरी दुसरं काय आहे? आणि देवलांनीही तो मूळ फ्रान्समधून, इंग्लंडमार्गेच आणला होता.

रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला म्हणून त्याच्या मुलानं 'रीजंट' होऊन कारभार पाहिला, तो काळ. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव, आणि १८१८ नंतर तोही नाही. या कादंबऱ्या वाचताना मला नेहमी दोन प्रश्न पडतात. एक, त्या सरदाराकडे एवढा पैसा आला कुठून? दुसरा, चर्चमधून बाहेर पडल्यावर त्या तिखट जिभेच्या मुलीच्या पैशाचं काय झालं? दोन्हींची उत्तरं कादंबरीत मिळत नाहीत. पण त्या काळातली एक खरी गोष्ट आहे, आपल्या बाल्टिमोरमधली. तिच्यात ती मिळतात, आणि त्यातलं एक थेट वऱ्हाडापर्यंत जाऊन पोचतं.

गोष्ट नणंद-भावजयीची आहे. नणंदेचा थोरला दीर नेपोलियन. भावजयीचा धाकटा दीर वेलिंग्टन. आणि भावजयीचा नवरा म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासातला तैनाती फौजवाला लॉर्ड वेलस्ली!

आधी नणंद. एलिझाबेथ पॅटर्सन, घरची बेट्सी, जन्म ६ फेब्रुवारी १७८५. वडील विल्यम पॅटर्सन आयर्लंडहून पोरवयात आलेले आणि मेरीलँडच्या अतिश्रीमंत व्यापाऱ्यांत जाऊन बसलेले. बाल्टिमोरच्या पॅटर्सन पार्कची मूळ जमीन यांनीच १८२७ मध्ये शहराला दिली. तेरा मुलांत बेट्सी थोरली मुलगी. दिसायला विलक्षण सुंदर, फ्रेंच उत्तम, आणि जिभेला हाड नाही. बाल्टिमोर म्हणजे तंबाखूचे आणि पिठाचे भाव बोलणाऱ्या लोकांचं गाव असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती लपवत नसे.

१८०३ मध्ये नेपोलियनचा सर्वांत धाकटा भाऊ जेरोम वेस्ट इंडीजच्या आरमारातली आपली कामगिरी अर्धवट टाकून अमेरिकेत आला. वय १८. नाचात तिच्या गळ्यातली साखळी त्याच्या गणवेशाच्या बटणात अडकली अशी कथा सांगतात. खरी असो नसो, असल्या कादंबऱ्यांना एवढं पुरतं. बापाचा विरोध होता. जेरोमच्या चालीरीतींबद्दल सावध करणारं एक निनावी पत्रही त्याला आलं होतं. त्यावर पोरीनं काय म्हटलं, तर दुसऱ्या कुणाची जन्मभर बायको होण्यापेक्षा मी तासभर जेरोमची होईन. (हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं, फार तर वर्ष-दीड वर्ष मिळालं.) शेवटी बापानं व्यापाऱ्यासारखा विचार केला. अलेक्झांडर डॅलस नावाच्या नामांकित वकिलाकडून करार लिहून घेतला. या लग्नाच्या कायदेशीरपणाबद्दल पुढेमागे कुणी शंका काढली तर काय, याचीही तरतूद त्यात होती. २४ डिसेंबर १८०३ रोजी खुद्द बिशप जॉन कॅरल यांनी लग्न लावलं.

आता ही तारीख जरा बाजूला ठेवा आणि त्याच महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. ही सगळी करामत आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची. ऑगस्टमध्ये अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरच्या अखेरीस अडगाव, मग गाविलगड. आणि त्याला या मोहिमेवर पाठवणारा गव्हर्नर जनरल म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ रिचर्ड. आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह करून बाजीरावाला ज्यानं बांधून घेतलं, तोच. बाल्टिमोरमध्ये केक कापला जात होता तेव्हा वऱ्हाडात मराठी राज्याचे तुकडे पाडले जात होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

बेट्सीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण या भागावर सिनेमे निघाले आहेत. नेपोलियन खवळला. भाऊ त्याच्या हिशेबात राजघराण्यात सोयरीक जुळवण्याचं साधन होता, आणि हा पठ्ठ्या दुकानदाराची पोरगी करून बसला. १८०५ मध्ये दोघं जहाजानं लिस्बनला पोचली. जेरोम भावाची समजूत घालायला पुढे गेला तो गेलाच. दिवस भरत आलेल्या बेट्सीला अॅमस्टरडॅममध्ये उतरू दिलं नाही. शेवटी ती इंग्लंडला गेली आणि ७ जुलैला लंडनजवळ कॅम्बरवेलला तिला मुलगा झाला. पोपनं लग्न रद्द करायला नकार दिला, तेव्हा नेपोलियननं स्वतःच्या हुकुमानं आणि मग फ्रान्समधल्या धर्मपीठाकडून ते मोडून घेतलं. १८०७ मध्ये जेरोमनं वुर्टेमबर्गच्या राजकन्येशी लग्न केलं आणि तो वेस्टफालियाचा राजा झाला.

तर थोरली लेक टाकलेली म्हणून, कडेवर पोर घेऊन, वीस वर्षांची असताना माहेरी परत आली. आणि लगेच पुढच्याच वर्षी, १८०६ मध्ये, घरात भावजय आली. पुढची सगळी ठिणगी इथे पडली असं मी मानतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. इंग्रजी चरित्रकारांना मात्र या एका वर्षाचं महत्त्व तितकंसं जाणवत नाही असं मला वाटतं.

भावजय म्हणजे मॅरिअन केटन. बेट्सीचा भाऊ रॉबर्ट याची बायको. पॅटर्सन श्रीमंत होते, पण कॅरल-केटन मंडळी श्रीमंतही होती आणि खानदानीही. मॅरिअनचे आजोबा चार्ल्स कॅरल ऑफ कॅरलटन हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. ४ जुलै १८२६ रोजी अॅडम्स आणि जेफरसन एकाच दिवशी वारले, त्यानंतर ५६ सह्यांपैकी हयात असलेले हे एकटेच उरले. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड १८२८ मध्ये यांच्याच हातून बसवला गेला. जावई रिचर्ड केटन मात्र धंद्यात बुडालेला. त्याच्या नावावरून कॅटन्सव्हिल. आपली कितीतरी मुलं तिथल्या यूएमबीसीत शिकून गेली. आणि एलिकॉट सिटीत घरं घेतलेल्या मंडळींनी डोह्रीगन मॅनॉर हे नाव ऐकलं असेल. ती कॅरल घराण्याची जहागीर. शेकडो गुलाम तिथे राबत. मॅरिअनच्या रेशमी झग्यामागे तो पैसा होता, आणि कादंबरीतल्या नाचाच्या दालनात तोही कधी दिसत नाही.

स्वभावानं दोघी दोन टोकं. मॅरिअन मृदू, कमी बोलणारी, दम्यानं बेजार, समोरच्याला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लावणारी. बेट्सी समोरच्याला तो किती मूर्ख आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणारी. बेट्सीचे टोमणे तेव्हापासून गावोगाव फिरताहेत. जेरोमनं तिला वेस्टफालियात येऊन राहायचं आमंत्रण दिलं, वर मोठा तनखा देऊ केला. ती म्हणाली, राज्य मोठं आहे खरं, पण दोन राण्यांना पुरेल एवढं नाही. नेपोलियनचा वर्षाला ६०,००० फ्रँकचा तनखा मात्र तिनं घेतला. यावर जेरोम रुसला तेव्हा तिचं उत्तर असं की हंसाच्या चोचीत लटकण्यापेक्षा गरुडाच्या पंखाखाली राहणं बरं. इंग्रजीत हंस म्हणजे 'गूस', बावळटपणाची खूण. आपल्या राजहंसाशी त्याचा संबंध नाही. आणखी एक तर मला फारच आवडतो. बॅसिल हॉल नावाच्या ब्रिटिश प्रवाशानं अमेरिकन लोक गावंढळ आहेत असं पुस्तक लिहिलं होतं. मेजवानीत एका इंग्रजानं तिला खिजवायला विचारलं, वाचलंत का? ती शांतपणे म्हणाली, वाचलं, आणि त्यात नवल काही नाही. अमेरिकन लोक इथल्या आदिवासींचे वंशज असते तर नवल वाटलं असतं. ते तुमचेच वंशज आहेत.

ऐकायला मजा येते. पण या टोमण्यांची किंमत ती मोजत होती. तिच्या पांढऱ्या पातळ झग्यांवरून वॉशिंग्टनच्या बायका आधीच तोंडाला पदर लावत होत्या. नवरा गेल्यावर तर तिचं सौंदर्य आणि बोलणं याशिवाय तिच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

'नव्हतं' हे शब्दशः घ्या. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात, जो मेरीलँडलाही लागू होता, लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच नसे. तिची मिळकत नवऱ्याची, तिचं भाडं नवऱ्याचं, तिनं शिवणकाम करून चार डॉलर मिळवले तरी ते नवऱ्याचे. आपल्याकडे निदान 'स्त्रीधन' असा शब्द तरी होता (प्रत्यक्षात ते किती बायकांच्या हाती राहायचं ते सोडा). फ्रान्समध्ये बेट्सीचं लग्न मोडलेलं, पण मेरीलँडच्या कायद्यानं ती अजून जेरोमची बायकोच! म्हणजे तिनं तनख्यातून साठवलेल्या एकेक डॉलरवर त्या उधळ्या माणसाचा हक्क. म्हणून नेपोलियनची घसरण सुरू झाली त्या वर्षांत तिनं मेरीलँडच्या विधिमंडळाकडून खास कायदा करवून घटस्फोट घेतला. तेव्हा तिथे दुसरी वाटच नव्हती, घटस्फोट कोर्ट देत नसे, विधिमंडळ देई. तिचे टोमणे सगळ्यांना पाठ आहेत. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट हा अर्ज होता.

जाता जाता एक. १८१० मध्ये काँग्रेसनं राज्यघटनेची एक दुरुस्ती मंजूर केली होती. परक्या राजाकडून किताब किंवा तनखा घेणाऱ्याचं नागरिकत्व जाईल, अशी. मांडली मेरीलँडच्याच सिनेटर फिलिप रीडनं, आणि बेट्सी नि तिचा लहानगा बोनापार्ट डोळ्यांसमोर होता असं काही अभ्यासक मानतात. बारा राज्यांनी मान्यता दिली, पुरेशी झाली नाही, आणि मुदत नसल्यामुळे ती आजही तांत्रिकदृष्ट्या लोंबकळतेच आहे. एन-४०० भरताना सरदारकीचा किताब सोडायची तयारी आहे का हा प्रश्न वाचून आपल्यापैकी अनेकांना हसू आलं असेल. तो प्रश्न तिच्यामुळे आलेला नाही, पण ती काळजी त्याच जातकुळीची आहे.

आता १८१६. खरी रीजन्सी. रॉबर्ट पॅटर्सन, मॅरिअन आणि तिच्या बहिणी बेस आणि लुईसा लंडनला गेल्या. बेट्सी आधीच युरोपात. वॉटर्लू होऊन वर्षही झालं नव्हतं. (त्या लढाईत जेरोम एका डिव्हिजनचा सेनापती म्हणून उगूमाँच्या वाड्यावर दिवसभर डोकं आपटत होता. म्हणजे नणंदेचा घटस्फोटित नवरा एका बाजूला आणि भावजयीचा होणारा दीर दुसऱ्या.) पॅरिसमध्ये नवा राजा अठरावा लुई बेट्सीला दरबारात बोलवायला तयार होता, पण नेपोलियनचं मीठ खाल्लंय म्हणून ती गेली नाही असं सांगतात. इकडे लंडनमध्ये केटन बहिणींनी दाणादाण उडवली. लोक त्यांना 'अमेरिकन ग्रेसेस' म्हणू लागले. आणि वेलिंग्टन, युरोपातला सर्वांत मोठा माणूस, मॅरिअनवर पुरता भाळला. वॉटर्लूचं रणांगण त्यानं त्यांना स्वतः फिरून दाखवलं. त्याचा एक हात गमावलेला शिलेदार, कर्नल फेल्टन हर्वी, याच्याशी लुईसाचं १८१७ मध्ये लग्नही झालं.

वेलिंग्टनचं स्वतःचं लग्न म्हणजे एक शोकांतिकाच. तरुणपणी किटी पाकनमला मागणी घातली तर तिच्या घरच्यांनी कफल्लक म्हणून नाकारला. मग तो हिंदुस्थानात गेला. परत आला तेव्हा गाठीला सुमारे ४२,००० पौंड होते, बराचसा भाग श्रीरंगपट्टण आणि आपल्या दख्खनच्या मोहिमांतला. मग १८०६ मध्ये तेच स्थळ पसंत पडलं! संसार सुखाचा झाला नाही. तर सरदाराकडे पैसा कुठून आला, या माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं. असई आणि गाविलगड.

वेलिंग्टन आणि रिचर्ड या दोन भावांचं नातं या गोष्टीतलं खरं भांडखोर नातं आहे. रिचर्ड थोरला, बुद्धिमान, लॅटिन कविता करणारा, प्रचंड मानी. धाकट्याला हिंदुस्थानात त्यानंच संधी दिली. आणि मग धाकटा इतका वर गेला की थोरला 'वेलिंग्टनचा भाऊ' होऊन बसला. टिपूच्या पाडावानंतर रिचर्डला मार्क्विस केलं, पण आयरिश सरदारांच्या यादीत. त्यानं त्याला दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटलं. पैसा त्याच्या हातात टिकत नसे. लंडनचं अॅप्सली हाउस मुळात त्यानं घेतलेलं. १८१७ मध्ये कर्जापायी धाकट्या भावालाच विकावं लागलं. इकडे पुण्यात खडकीची लढाई झाली ते हेच वर्ष. (मुंबईकरांसाठी: रीगलजवळचं वेलिंग्टन फाउंटन धाकट्याचं. थोरल्याचा पुतळा भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, बाकीच्या उतरवलेल्या साहेबांबरोबर उभा आहे. आणि वेलिंग्डन क्लबचा साहेब तिसराच, त्याचा या घराण्याशी संबंध नाही.)

१८२२ मध्ये रॉबर्ट पॅटर्सन वारला. विधवा मॅरिअन पुन्हा युरोपात गेली. वेलिंग्टन विवाहित, तेव्हा तिथे काही होणं शक्यच नव्हतं. रिचर्ड तेव्हा आयर्लंडचा व्हाइसरॉय, विधुर, वय ६५. त्यानं मॅरिअनला मागणी घातली, आणि तिनं ती मान्य केली! वेलिंग्टनचा संताप झाला. भावाकडे फुटकी कवडी नाही, स्वभाव संशयी, असं सगळं पाढे वाचून त्यानं तिला परावृत्त करायचा प्रयत्न केला. मत्सर कुठे संपतो आणि काळजी कुठे सुरू होते हे अशा वेळी ज्याचं त्यालाही कळत नसावं. तिनं ऐकलं नाही. २९ ऑक्टोबर १८२५ रोजी डब्लिनला लग्न झालं. प्रॉटेस्टंट पद्धतीनं आणि कॅथॉलिक पद्धतीनंही, कारण मॅरिअन पक्की कॅथॉलिक. ज्या आयर्लंडमध्ये कॅथॉलिक माणूस पार्लमेंटात बसू शकत नव्हता, तिथल्या व्हाइसरॉयच्या घरात कॅथॉलिक लग्न! लंडनला राजाच्याही कपाळाला आठ्या पडल्या. अमेरिकेत मात्र लोकांनी प्याले उंचावले: ज्या भूमीतून कॅरल घराण्याचा पूर्वज पळून आला, तिथे त्याच घराण्यातली नात आज राणीसारखी नांदते आहे.

आणि नणंद? तिनं बापाला पत्र लिहिलं. ते छापलेलं आहे आणि मी ते किती वेळा वाचलं असेन कोण जाणे. कुठल्याही बाईला मिळालं नसेल असं स्थळ हिला मिळालं, असं ती आधी मोकळेपणानं लिहून टाकते. मग हिशेब सुरू. नवरदेव ६६ वर्षांचे आहेत (एक वर्ष वाढवलंच!). कर्ज इतकं की जेवणाच्या टेबलावरची चांदीची भांडी भाड्याची. एकदा डब्लिनच्या रस्त्यात त्यांची घोडागाडी जप्त झाली होती. पगाराचा मोठा भाग गहाण. एवढ्या किरकोळ उणिवा सोडल्या तर स्थळ फारच मोठं, हुद्दा आहे ना. कुठल्याही कादंबरीतल्या नायिकेनं असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आत जळणारी बाई आणि जमाखर्च तपासणारी बाई एकाच वाक्यात बोलते आहे.

त्या भाड्याच्या भांड्यांवरून एक आठवलं. धाकट्या भावाकडे, अॅप्सली हाउसमध्ये, 'डेक्कन सर्व्हिस' नावाचा चांदीचा मोठा सरंजाम आहे. दख्खनच्या मोहिमेतल्या त्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेला. आजही तो तिथे पाहायला मिळतो. मराठ्यांवरची ती लढाई ज्यानं ठरवली त्याच्या पानात भाड्याचं ताट, आणि ज्यानं जिंकली त्याच्याकडे दख्खनच्या नावाची चांदी. त्याच घरात जिन्यापाशी कानोव्हानं घडवलेला नेपोलियनचा भलामोठा नग्न पुतळाही उभा आहे, ब्रिटिश सरकारनं विकत घेऊन वेलिंग्टनला दिलेला. म्हणजे बेट्सीचे थोरले दीर मॅरिअनच्या धाकट्या दिरांच्या घरी कायमचे मुक्कामाला आहेत, आणि तेही अंगावर कपडा नसताना.

मॅरिअन पुढे राणी अॅडलेडच्या दरबारात मानकरीण झाली. लुईसा दुसऱ्या लग्नानं डचेस ऑफ लीड्स, बेस बॅरनेस स्टॅफर्ड. या बहिणी, त्यातही बेस, लंडनच्या रोख्यांच्या बाजारात उत्तम पैसे गुंतवत, हे त्यांच्या पत्रांवरून हल्ली उजेडात आलं. म्हणजे कमी बोलणाऱ्या भावजयीच्या माहेरीही हिशेबाची वही होतीच, फक्त ती उशीखाली असे. रिचर्ड १८४२ मध्ये गेला, शेवटपर्यंत कर्जातच. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३७ मध्ये त्याच्यासाठी २०,००० पौंड मंजूर केले होते, तेवढाच आधार. मॅरिअन १८५३ मध्ये हॅम्प्टन कोर्टला वारली.

बेट्सी या सगळ्यांना पुरून उरली. फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातल्या चित्रदालनात एकदा ती आणि जेरोम समोरासमोर आले, त्याची राजकन्या बरोबर होती. कुणी काही बोललं नाही. दोन्ही बाजूंनी नुसतं पाहून पुढे गेले. तिनं मुलासाठी बोनापार्ट घराण्यातलीच मुलगी हेरली होती; त्यानं १८२९ मध्ये बाल्टिमोरची श्रीमंत मुलगी केली, आणि ज्या गावाला आयुष्यभर नावं ठेवली तिथलीच सून आली. बाप १८३५ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं की या मुलीनं आयुष्यभर ऐकलं नाही, बाकी सगळ्या मुलांनी मिळून दिला नसेल एवढा घोर हिनं एकटीनं लावला, म्हणून हिला थोडकीच घरं. मेल्यावरसुद्धा, साऱ्या गावासमोर.

ती थोडकी घरं आणि तनख्यातून साठवलेले पैसे घेऊन ती उरलेली ४४ वर्षं जगली. बोर्डिंग हाउसमधल्या एका खोलीत राहायची, हातात पिशवी घेऊन भाडी स्वतः गोळा करायची असं सांगतात, रोखे आणि जमिनी घ्यायची, जुने पॅरिसचे झगे ट्रंकेत जपून ठेवायची. १८६० मध्ये जेरोम मेला तेव्हा वयाच्या ७६ व्या वर्षी पॅरिसला जाऊन मुलाच्या हक्कासाठी दावा लावला आणि हरली. ४ एप्रिल १८७९ रोजी वारली तेव्हा तिची मालमत्ता सुमारे १५ लाख डॉलर भरली. हे सगळं तिचं स्वतःचं. जेरोमला, बापाला किंवा आणखी कुणाला त्यातल्या एका सेंटावर हात ठेवता आला नाही. कादंबरीकार तिला दुःखी म्हातारी म्हणून रंगवतात. ती दुःखी होतीच. पण डब्लिनच्या राजवाड्यात भाड्याच्या ताटात जेवणारी भावजय जास्त सुखी होती, हे मला तरी कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट सेमेटरीत तिचा दगड आहे, एकटाच, वर 'मॅकबेथ'मधली एक ओळ कोरलेली. मी गेलो होतो तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं; आमच्या सौ. म्हणाल्या, बरं झालं, तिला शेजारणी आवडल्या नसत्या. तिची पत्रं आणि वह्या शहरातल्या मेरीलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चरमध्ये आहेत. आणि तिचा नातू चार्ल्स बोनापार्ट थिओडोर रूझवेल्टचा अॅटर्नी जनरल झाला. १९०८ मध्ये त्यानं खात्यात स्वतःचे गुप्तहेर नेमले, त्याची पुढे एफबीआय झाली. आजीच्या वह्या पाहिल्या की हा गुण कुठून आला असेल याचा अंदाज येतो. कुणी काय घेतलं, कधी घेतलं आणि कुणाकडून किती यायचं आहे, सगळं तारीखवार टिपलेलं.